विश्वास तर पानिपतातच गेला!

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं सगळं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मराठी विभागाच्या संपादिकाबाईंनी (म्हणजे माझ्याच रूममेटने) 'तू लिहीच' म्हणून मागे लकडा लावला, तेव्हा मी आधी हसले आणि मग घाबरले. ऱ्हस्व-दीर्घ तिने तपासलेत. विचारांच्या चुका राहिल्या असतील, तर त्या मात्र माझ्या.

दुसरी कबुली जरा जड आहे. ग्रंथालयातल्या काकांचा पासवर्ड मला पाठ होता.

एकट्या मलाच नाही, आपल्यातल्या बऱ्याच जणांना. प्रोजेक्टच्या दिवसांत जुन्या बॅचचे रिपोर्ट बघायचे, तर ते ग्रंथालयाच्या सर्व्हरवर. आपलं लॉगिन चालतं फक्त लॅबमध्ये. कारण आपल्या कॉलेजात दोन डोमेन आहेत. दुसऱ्या शाखांच्या मित्रांसाठी सांगते : डोमेन म्हणजे नेटवर्कमधलं एक घर समजा. त्या घरातली माणसं कोण, त्यांचे पासवर्ड काय, याची वही एका मुख्य संगणकाकडे असते. त्याला म्हणतात डोमेन कंट्रोलर. आपल्या लॅबची वही वेगळी आणि ऑफिसची वेगळी. ऑफिसच्या वहीत अकाउंट्स सेक्शन, परीक्षा विभाग आणि ग्रंथालय. या दोन घरांची एकमेकांशी ओळखच नाही. आपण लॅबमधलं नाव सांगितलं, की ग्रंथालयाचा सर्व्हर 'आपण कोण?' असं विचारून दार लावून घेतो.

मग यावर उपाय? काका! 'उद्या सबमिशन आहे ना रे? बस इथे,' असं म्हणून ते स्वतःचा पासवर्ड टाकून द्यायचे. पुढे काउंटरवर गर्दी वाढली. दर पाच मिनिटांनी उठून पासवर्ड टाकायचा कंटाळा आला म्हणून त्यांनी तो एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या मागे चिकटवला. त्या चिठ्ठीचा फोटो त्याच संध्याकाळी कुठल्या कुठल्या ग्रुपवर पोचला, हे काकांना शेवटपर्यंत कळलं नाही.

गेल्या सेमिस्टरला कुणीतरी त्या पासवर्डने आत शिरून काही जणांचा लेट फाइन शून्य करून टाकला. रक्कम फार मोठी नव्हती, पण ऑडिटमध्ये सापडली. लॉगमध्ये नाव कुणाचं? काकांचं. वेळ कुठली? ग्रंथालय उघडं असतानाची. काकांना लेखी खुलासा द्यावा लागला. त्यांनी त्यात 'पासवर्ड मीच मुलांना दिला होता' एवढंच लिहिलं आणि एकाही मुलाचं नाव घेतलं नाही. इतकी वर्षं काउंटरवर बसणारे काका आता मागच्या खोलीत जुन्या नियतकालिकांचे गठ्ठे लावतात. आणि आपण सगळे? आपण गप्प.

कॉलेजने त्यावर काय केलं, तर लॅबमधून ग्रंथालयाकडे जाणारा रस्ताच बंद केला. आता जुना रिपोर्ट बघायचा तर रांगेत उभं राहा, अर्ज भरा, आणि एकुलत्या एका पीसीवर पंधरा मिनिटं बघा. मी धीर करून सिस्टिमवाल्या सरांकडे गेले आणि विचारलं, "सर, दोन्ही डोमेनमध्ये ट्रस्ट का नाही करत आपण?" सर हसले आणि म्हणाले, "अगं, विश्वास तर पानिपतातच गेला!"

सगळे हसले म्हणून मीही हसले. पण खरं सांगायचं तर मला काही कळलं नाही. रात्री आजीला फोन लावला. तिने आधी माझ्या शाळेचा उद्धार केला, मग सांगितलं. नानासाहेब पेशव्यांचा मुलगा विश्वासराव १७६१ साली पानिपतावर पडला, तेव्हापासून मराठी माणूस उधार मागणाऱ्याला असं ऐकवतो. विश्वासराव तेव्हा अठरा वर्षांचा होता, म्हणजे माझ्याहून लहान. हसू आलं ते तिथेच थांबलं.

त्या रात्री बराच वेळ विचार केला आणि माझं मत पक्कं झालं. काकांवर पाळी आली ती आपल्या दोन डोमेनमध्ये रीतसर विश्वासाचं नातं नव्हतं म्हणून. मशीनने जे काम करायचं, ते आपण एका भल्या माणसाच्या चांगुलपणाकडून करून घेतलं. गरज तर होतीच. रीतसर दार नसलं की माणसं भिंतीला भोक पाडतात. चिठ्ठी हे ते भोक.

आता 'ट्रस्ट' म्हणजे नेमकं काय? पुस्तकात व्याख्या आहेच. पण मला तो कळला माझ्या शाळेमुळे.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये फिजिक्सची लॅब नव्हती. प्रॅक्टिकलला आम्ही जवळच्याच दुसऱ्या कॉन्व्हेंटमध्ये जायचो. निघताना आमच्या सिस्टर प्रत्येकीला एक चिठ्ठी द्यायच्या : नाव, वर्ग, तारीख, वेळ, खाली सही-शिक्का. तिकडच्या फाटकावरच्या सिस्टर आम्हाला ओळखत नव्हत्या. त्या आमच्या सिस्टरची सही ओळखत होत्या. सही बघून त्या चिठ्ठी ठेवून घ्यायच्या आणि 'फिजिक्स लॅब' असा बिल्ला द्यायच्या. तो घेऊन लॅबच्या दारात गेलं, की तिथल्या मॅडम आपल्या यादीत आमचं नाव आहे का ते बघायच्या. यादीत नाव नसेल तर बिल्ला असूनही बाहेर.

दोन डोमेनमधला ट्रस्ट जवळजवळ असाच चालतो. विंडोजच्या अॅक्टिव्ह डिरेक्टरीत हे काम कर्बेरॉस नावाची पद्धत करते. अमेरिकेतल्या एमआयटीच्या 'प्रोजेक्ट अथेना'मध्ये, १९८०च्या दशकात ती तयार झाली. नाव ग्रीक पुराणातल्या पाताळाच्या दारावरच्या तीन तोंडांच्या कुत्र्याचं. मी लॅबमध्ये लॉगिन केलं की माझी ओळख पटवतो माझा, म्हणजे लॅबचा कंट्रोलर. मला ग्रंथालयाच्या सर्व्हरवर जायचं असलं, तर तो मला एक तिकीट देतो. ते तिकीट अशा गुपित किल्लीने बंद केलेलं असतं, जी फक्त लॅबच्या आणि ऑफिसच्या कंट्रोलरलाच ठाऊक आहे. ऑफिसचा कंट्रोलर ते उघडतो, खात्री करतो आणि ग्रंथालयाच्या सर्व्हरपुरतं दुसरं तिकीट देतो. शेवटी तो सर्व्हर आपल्या यादीत बघतो, की या मुलीला ही फाइल उघडायची परवानगी आहे का.

यातल्या तीन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, माझा पासवर्ड ऑफिसकडे कधीच जात नाही आणि ऑफिसमधल्या कुणाचा माझ्याकडे येत नाही. दुसरी, ट्रस्ट झाला म्हणून आपोआप काही उघडत नाही. ट्रस्ट सांगतो 'ही कोण आहे', परवानगी सांगते 'हिला काय करता येईल'. या दोन गोष्टींची गल्लत आपल्याकडे फार होते. तिसरी आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची : ग्रंथालयाच्या लॉगमध्ये नाव पडतं ते माझं. लॅब डोमेनमधली अमुक मुलगी, अमुक वाजता. काकांचं नाही! तिथे तेव्हा असा ट्रस्ट असता, तर फाइन शून्य करणारा पहिल्याच दिवशी सापडला असता. किंबहुना त्याला ते करताच आलं नसतं, कारण आपल्याला परवानगी रिपोर्ट वाचायची असती, फाइनच्या नोंदीला हात लावायची नसती.

आता सरांचं म्हणणं. सर काही हट्टी नाहीत. त्यांनी मला बसवून सांगितलं, "२०१७ मध्ये न्हावा-शेव्याला काय झालं ते वाचून ये. मग ट्रस्टच्या गप्पा मार."

वाचून आले. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस सुटला. सुरुवात युक्रेनमध्ये, तिथल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. रोजचंच अपडेट, सगळ्यांचा विश्वास असलेलं. बघता बघता मर्स्क ही जगातली बलाढ्य जहाज कंपनी आडवी झाली. तिच्या समूहाचं एक टर्मिनल आपल्या जेएनपीटी बंदरात आहे, त्याचंही काम ठप्प झालं. मर्स्कचे जगभरातले डोमेन कंट्रोलर पुसले गेले. वाचला तो घानामधला एक, कारण त्या वेळी तिथे वीज गेली होती आणि तो नेटवर्कवर नव्हता! (लोडशेडिंगचा असाही उपयोग.) कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे २०१८च्या जानेवारीत दावोसला सांगितलं, की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले.

गोष्ट भयंकर आहे, यात वाद नाही. पण तो व्हायरस पसरला कसा? विंडोजमधल्या एका ठाऊक असलेल्या भोकातून, ज्याचा पॅच मार्चमध्येच आला होता. आणि दुसरं म्हणजे, तो एका मशीनच्या मेमरीत पडलेले पासवर्ड उचलायचा आणि तेच वापरून शेजारच्या मशीनमध्ये शिरायचा. एखाद्या मोठ्या अधिकाऱ्याचा पासवर्ड भलत्या मशीनवर पडून राहिला, की खेळ खलास. सर, माझं म्हणणं हेच आहे! इथे धडा आहे तो पासवर्ड भलत्या ठिकाणी पडू न देण्याचा. आणि आपल्याकडे तो मॉनिटरच्या मागे गोंदाने चिकटवलेला होता. ट्रस्ट नाकारून आपण ती चिठ्ठी बंद केली असं ज्यांना वाटतं, त्यांनी यंदाच्या प्रोजेक्टच्या सीझनपर्यंत थांबावं. दुसरी चिठ्ठी निघेल. रांगेत उभं राहायला कुणाला आवडतं?

हे सरांना सुनावल्यावर आता जरा आपल्या बाजूच्यांनाही सुनावते. आपल्या विद्यार्थी प्रतिनिधींनी मागणी केली आहे, 'लॅब आणि ऑफिस यांच्यात दोन्ही बाजूंनी ट्रस्ट करा, सगळं एकच करून टाका'. टाळ्या जोरात पडल्या. मीही वाजवल्या होत्या. आज माझा त्याला विरोध आहे.

ट्रस्टला दिशा असते आणि ही दिशाच सगळ्यांना चकवते. 'अ'चा 'ब'वर विश्वास, म्हणजे 'ब'ची माणसं 'अ'कडे जाऊ शकतात. बाण एकीकडे, माणसं उलटीकडे! ओरलमध्ये एक्स्टर्नलने हे विचारलं की निम्मा वर्ग गारद होतो. माझ्या शाळेचं आठवा : विश्वास त्या कॉन्व्हेंटने आमच्या सिस्टरवर ठेवला होता, गेलो आम्ही. त्यांच्या मुलींना आमच्याकडे यायचं कारणच नव्हतं, म्हणून उलटा ट्रस्ट कुणी केलाच नाही. त्यामुळे आमची दोस्ती कमी झाली असं काही मला आठवत नाही. आपल्यालाही हवं आहे ते एवढंच, की ऑफिसने लॅबवर विश्वास ठेवावा. विंडोजच्या भाषेत ऑफिसकडून 'आउटगोइंग', लॅबकडून 'इनकमिंग'.

दुसऱ्या बाजूनेही केला तर काय बिघडतं? मलाही वाटायचं, ऑफिसची माणसं लॅबमध्ये येऊन काय मोठं बिघडवणार? धोका उलटाच आहे. उलटा ट्रस्ट झाला, की परीक्षा विभागातल्या मॅडम लॅबमधल्या कुठल्याही पीसीवर बसून आपला पासवर्ड टाकू शकतील. आणि लॅबमधल्या पीसीवर काय काय घातलेलं असतं, ते आपल्याशिवाय चांगलं कुणाला माहीत? कुणाचा 'फक्त प्रोजेक्टसाठी' घातलेला की-लॉगर, कुणाचा क्रॅक केलेला गेम. मॅडमनी तिथे एकदा पासवर्ड टाकला, की परीक्षा विभागाची किल्ली लॅबमध्ये पडली. तिथे नुसते मार्क नसतात. आपल्या सगळ्यांची जातीची प्रमाणपत्रं, उत्पन्नाचे दाखले, स्कॉलरशिपसाठी दिलेले बँक खात्यांचे नंबर, सगळं तिथे. आपल्या सोयीसाठी आपण आपलंच घर उघडं टाकायला निघालो होतो.

'सगळं एकच करून टाका' हेही तसंच. विंडोज २००० पासून एकाच 'फॉरेस्ट'मधल्या डोमेनमध्ये दुतर्फा ट्रस्ट आपोआप तयार होतो आणि तो पुढे पुढे पाझरतो : अचा बवर, बचा कवर, म्हणून अचा कवर. त्याआधी एनटीच्या जमान्यात एकेक ट्रस्ट हाताने करायचा आणि तोही एकतर्फी. दहा डोमेनना एकमेकांशी पूर्ण जोडायचं म्हटलं, तर नव्वद ट्रस्ट! त्यामानाने नवी पद्धत सुखाची. पण ती एका घरातल्या माणसांसाठी आहे. सुरक्षेची खरी सीमा फॉरेस्टची असते, डोमेनची नव्हे. एका फॉरेस्टमधलं एक डोमेन कुणी पूर्ण काबीज केलं, तर बाकीच्यांपर्यंत पोचायला त्याला वाटा सापडतात. लॅब ही शिकायची जागा आहे, तिथे मोडतोड होणारच, झालीच पाहिजे. म्हणून तिचं आणि परीक्षा विभागाचं कुंपण वेगळंच बरं. कुंपण वेगळं ठेवून मधे एक फाटक. विंडोज सर्व्हर २००३ पासून दोन फॉरेस्टमध्ये असा ट्रस्ट करता येतो आणि तो तिसऱ्या फॉरेस्टपर्यंत पाझरत नाही. उद्या हॉस्टेलने स्वतःचं वेगळं फॉरेस्ट काढून लॅबशी ट्रस्ट केला, तरी ते ऑफिसात शिरणार नाही.

फाटकालाही मोजमाप हवं. ट्रस्ट करताना विंडोज विचारतं, की समोरच्या फॉरेस्टमधल्या सगळ्यांना सगळीकडे ओळख द्यायची, की निवडक मशीनवरच? पहिला पर्याय घेतला, तर आपण सगळे विद्यार्थी ऑफिसच्या दृष्टीने 'लॉगिन केलेली माणसं' ठरतो. आणि ऑफिसात कुणीतरी कधीतरी 'लॉगिन केलेला कुणीही वाचू शकेल' अशी परवानगी देऊन ठेवलेलं एखादं फोल्डर हमखास असतं. ठेवलं तेव्हा 'कुणीही' म्हणजे ऑफिसातली पाच-पंचवीस माणसं होती. ट्रस्टनंतर त्याच शब्दात अख्खं कॉलेज येतं. शब्द तोच, अर्थ बदलला! म्हणून दुसरा पर्याय, 'सिलेक्टिव्ह ऑथेंटिकेशन'. त्यात ज्या मशीनवर आपल्याला स्पष्ट परवानगी दिली असेल, तिथेच आपली ओळख चालते. आपल्या बाबतीत ग्रंथालयाचा रिपोर्टचा एक सर्व्हर. बस.

सरांचा शेवटचा प्रश्न असेल, 'आणि लॅबच्या कंट्रोलरलाच कुणी फितवलं तर?' रास्त प्रश्न आहे. फितवलेला कंट्रोलर कुठल्याही विद्यार्थ्याच्या नावाची खोटी चिठ्ठी देऊ शकतो. तेवढा धोका राहतोच, तो मी लपवत नाही. पण 'ही तुमच्याच ऑफिसची अॅडमिन आहे' अशी चिठ्ठी तो खपवू शकत नाही. 'सिड फिल्टरिंग' नावाची चाळणी असते, ती लॅबहून आलेल्या चिठ्ठीत ऑफिसचा हुद्दा दिसला की तो गाळून टाकते. आमच्या सिस्टर 'ही माझी मुलगी' असं लिहू शकायच्या. 'ही तुमची मदर सुपीरियर' असं लिहिलं असतं, तर फाटकावर कुणी ऐकलं असतं का? ही चाळणी मुळात चालूच असते. गैरसोय होते म्हणून कुणी ती बंद करू नये, एवढंच. म्हणजे लॅब पडलीच, तर जास्तीत जास्त काय जाईल? आपल्याला वाचायला दिलेले जुने रिपोर्ट. चिठ्ठीच्या जमान्यात काय जात होतं, ते काका भोगताहेत.

काम किती आहे म्हणाल, तर फार नाही. दोन्ही घरांना एकमेकांचा पत्ता सापडावा म्हणून डीएनएसमध्ये एकमेकांची नोंद करायची. मधल्या फायरवॉलमध्ये लागतील तेवढेच पोर्ट उघडायचे. दोन्हीकडची घड्याळं जुळवायची, कारण पाच मिनिटांहून जास्त फरक पडला तर कर्बेरॉस तिकीट नाकारतो. (आमच्या सिस्टरचं घड्याळ मागे असायचं, तेव्हा फाटकावर हीच भानगड व्हायची!) मग दोन्हीकडच्या अॅडमिननी ट्रस्टचा एक पासवर्ड ठरवून दोन्ही बाजू जोडायच्या आणि 'व्हॅलिडेट' करून बघायचं. त्यानंतर तो पासवर्ड माणसाच्या हातात राहतच नाही. कंट्रोलर स्वतःच तो ठरावीक काळाने बदलत राहतात. मॉनिटरमागे चिकटवायला काही उरत नाही.

एक गोष्ट मात्र मशीन करत नाही. ट्रस्टला एक्स्पायरी डेट नसते. एकदा केलेला ट्रस्ट, करणारा सोडून गेला तरी चालूच राहतो. म्हणून माझी सूचना अशी, की ट्रस्ट का केला, कुठल्या दिशेने, कुठल्या सर्व्हरपुरता, हे एका रजिस्टरमध्ये लिहावं आणि दर जूनला कुणीतरी ते पान उघडून 'अजून लागतंय का?' असं विचारावं. विश्वासाचं नूतनीकरण करायला कुणाचा अपमान होत नाही. लायब्ररी कार्ड आपण दरवर्षी रिन्यू करतोच की.

असा मोजूनमापून ठेवलेला विश्वास चालतो का? चालतो, आणि तोही एकमेकांना कधी न पाहिलेल्यांमध्ये. 'एज्युरोम' घ्या. २००२ साली नेदरलँड्सच्या क्लास विरेंगा यांनी कल्पना मांडली, की एका विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या विद्यापीठात गेल्यावर स्वतःच्याच लॉगिनने वाय-फाय मिळावं. आज ते शंभराहून जास्त देशांत चालतं आणि भारतात ते अर्नेटमार्फत येतं. तिथेही तत्त्व तेच : ज्याच्याकडे आपण गेलो तो आपल्याला ओळखत नाही. आपल्या संस्थेला विचारून खात्री करतो आणि तेवढ्यापुरतं दार उघडतो. तो डोमेन ट्रस्ट नव्हे, तंत्र वेगळं आहे. पण अनोळखी देशांतली विद्यापीठं जर हे करू शकतात, तर एकाच कंपाउंडमधली लॅब आणि ग्रंथालय का नाही?

हा लेख लिहायला घेतल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन काकांना भेटले. मीही तो पासवर्ड वापरत होते, हे सांगितलं. म्हटलं, "काका, फाइनचं मी नाही केलं. पण चिठ्ठीचा फोटो माझ्याकडेपण होता." काकांनी गठ्ठ्याची दोरी बांधता बांधता माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "असू दे गं पोरी. पण पुढच्या वेळी मागू नका हो. मला नाही म्हणता येत नाही."

त्यानंतर मला हे सगळं टेक्निकल वाटेनासं झालं. प्रत्येक ऑफिसात असा एक माणूस असतो, ज्याला नाही म्हणता येत नाही. आपली सगळी सिस्टिम त्याच्या भिडेवर चालते आणि बिघडली की खुलासा त्याने द्यायचा असतो. नाही म्हणायचं काम मशीनवर सोपवावं. तिला भीड नसते. आणि हो म्हणायचं कामही तिच्यावरच सोपवावं, ज्याच्या त्याच्या नावानिशी.

तेव्हा मित्र-मैत्रिणींनो, प्राचार्यांना द्यायचा एक अर्ज मी तयार केला आहे. मागण्या दोनच. एक, ऑफिसने लॅबवर एकतर्फी ट्रस्ट ठेवावा, रिपोर्टच्या सर्व्हरपुरता, दर जूनला तपासून. दोन, काकांना काउंटरवर परत आणावं. अर्जाच्या वरती आपण लिहिलं आहे, 'आम्ही खाली सही करणाऱ्यांनी त्यांचा पासवर्ड वापरला होता'. हे वाक्य काढलं तर जास्त सह्या मिळतील, असं मला दोघांनी सांगितलं. वाक्य राहणार आहे. दुसऱ्याचं नाव पुरे झालं, या वेळी आपापलं नाव घालू.

पहिली सही माझी झाली आहे. अर्ज संपादिकाबाईंकडे आहे. आणि सर, पानिपताचा विनोद मला आता कळतो. पण आजी म्हणाली, पानिपतानंतर दहा वर्षांनी मराठे पुन्हा दिल्लीला गेलेच होते!

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी